दगड वाकतो, आणि हिशेबाचा ताळाही जुळतो

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार गटांतून आला. तीन गट नात्यागोत्यातले आणि ओळखीचे, चौथा माझ्या माजी विद्यार्थ्यांचा. भूशास्त्रज्ञ डोंगरांच्या जन्माच्या ज्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या मनाच्या आहेत, असा त्या मजकुराचा सूर आहे. त्यात पाच मुद्दे आहेत. दगड कधी वाकत नाही, तो फुटतो. तेव्हा खडकांत घड्या दिसतात त्या चिखल ओला असतानाच पडलेल्या. जमिनीच्या पोटात कुणी उतरलेलं नाही, म्हणजे आत काय आहे हे सांगणं ही थाप. खंड सरकतात हे कुणी मोजलेलं नाही. एव्हरेस्टवर समुद्री जिवांचे अवशेष सापडतात, कारण समुद्रच तिथवर चढला होता. आणि शेवटी किल्लारी: ‘दख्खन स्थिर आहे’ म्हणणारे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तोंडघशी पडले, तेव्हा त्यांचं काही मनावर घेऊ नका, निर्धास्त राहा.

मी भूशास्त्र शिकले आणि आता तेच शिकवते. पहिले चार मुद्दे वाचून मला राग आला नाही. असे प्रश्न पहिल्या वर्षाला कुणी विचारले तर मला आनंदच होतो. पाचव्याने मात्र मन अस्वस्थ झालं, कारण त्यात निम्मं खरं आहे आणि त्या निम्म्या खऱ्यावरून काढलेला निष्कर्ष माणसांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘दगड वाकत नाही, फुटतो.’

हातोडी मारली तर फुटतो, खरं आहे. पण हातोडीचा घाव आणि डोंगराखालची स्थिती यांत तीन गोष्टींचा फरक पडतो: चहूबाजूंनी आवळणारा दाब, उष्णता आणि वेळ. लोहाराच्या भट्टीपाशी कधी बसला असाल तर उष्णतेचं काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. फाळ लालबुंद होतो, पण वितळत नाही. तो घनच असतो, तरी घणाखाली वाकतो आणि पसरतो. खडकाचंही तसंच आहे. जमिनीत खाली जावं तसं तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जातं. क्वार्ट्‌झ, म्हणजे एकमेकींवर घासून ठिणग्या पाडतो ती आपली गारगोटी, ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास न फुटता हळूहळू वाहू लागते. ग्रॅनाइटमधलं दुसरं मुख्य खनिज फेल्डस्पार, त्याला त्यासाठी साडेचारशेच्या घरात जावं लागतं. म्हणजे वरून दहा-पंधरा किलोमीटर उतरलं की ग्रॅनाइटसारखा कठीण खडकही वाकण्याजोगा होतो.

याचा ताळा भूकंपांवरून करता येतो. जिथे खडक तडकतो तिथे भूकंप होतो, जिथे तो वाहतो तिथे ताण साठतच नाही. भूखंडांवरच्या भूकंपांची खोली मांडून पाहिली तर बहुतेक भूकंप वरच्या पंधरा-वीस किलोमीटरांतच भरतात. अपवाद आहेत. १९९७च्या मे महिन्यातला जबलपूरचा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर झाला. पण तो अपवादही हिशेबात बसतो: त्या भागातलं भूकवच जुनं आणि थंड आहे, खोलवरच्या खडकात क्वार्ट्‌झही कमी, म्हणून तिथला खडक जास्त खोलीपर्यंत ठिसूळ राहतो.

प्रयोगशाळेतली गोष्ट तर शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲडम्स आणि निकल्सन यांनी संगमरवराच्या कांड्या जाड लोखंडी नळ्यांत घट्ट बसवून दोन्ही टोकांनी दाबल्या आणि १९०१ साली त्याचे निष्कर्ष छापले. नळीला पोट आलं, आतला संगमरवरही तिच्याबरोबर फुगला, आणि त्याचा भुगा झाला नाही. १९११ साली थिओडोर फॉन कार्मान यांनी इटलीतल्या कराराचा संगमरवर घेतला आणि त्याच्याभोवती द्रवाचा दाब वाढवत नेला. कमी दाबाला जो दगड तडकत होता, तोच जास्त दाबाखाली न तडकता बसका होत गेला. दगड एकच, बदलला तो भोवतीचा दाब.

राहिला वेळ. डोंगर घडताना खडकाचा आकार किती सावकाश बदलतो याची कल्पना यावी म्हणून एक आकडा देते. पर्वतरांगांत जो वेग सर्रास धरला जातो, त्या वेगाने खडक एका टक्क्याने आखूड व्हायला तीस हजारांहून जास्त वर्षं लागतात. हातोडीचा घाव क्षणात संपतो. दोन्हींची तुलना करून ‘दगड वाकत नाही’ म्हणणं बरोबर नाही.

आता ओल्या चिखलाकडे येते, कारण मजकुरातला हा भाग सर्वांत हुशारीने लिहिलेला आहे. ओला गाळ घसरून दुमडतो आणि मग त्याचा खडक होतो, असं घडतंच. आम्ही ते विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि अशा घड्या वेगळ्या ओळखायलाही शिकवतो. त्या एखाद्या थरापुरत्या असतात, वरखालचे थर सरळ राहतात. पण सगळ्याच घड्या तशा असत्या तर काही गोष्टी दिसायलाच नको होत्या. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर पर्गेटरी नावाचा गोट्यांचा खडक आहे. त्यातले गोटे काकडीसारखे लांबट ओढले गेले आहेत. हे गोटे पाण्याने घासून गोल झाले, म्हणजे खडकात बसायच्या आधीच ते टणक होते. चिखलाचा गोटा नदी घडवत नाही. आल्प्समध्ये बेलेम्नाइट नावाच्या, माकुळाच्या नातलग प्राण्यांचे पेन्सिलीसारखे जीवाश्म मिळतात. खडक ओढला गेला तसे ते तुकड्यातुकड्यांत तुटले आणि प्रत्येक फटीत कॅल्साइटचे स्फटिक वाढले. तुकडे जोडून मूळ लांबी काढायची, आत्ताची लांबी मोजायची, की खडक किती ताणला गेला ते कळतं. मेरीलंडमध्ये अर्न्स्ट क्लूस यांनी चुनखडकातले माशांच्या अंड्यांसारखे गोल दाणे असेच मोजले. मुळात गोल असलेला दाणा आता किती लंबगोल झाला आहे, यावरून त्यांनी १९४७ साली साऊथ माउंटनच्या अख्ख्या घडीतला ताण नकाशावर मांडला. हजारो दाण्यांची मोजणी होती ती, अंदाज नव्हे.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं, मनसर मागे टाकलं, की देवलापार येतं. एम. एस्सी.ला असताना या पट्ट्यात आम्ही नकाशा काढायला गेलो होतो. ब्रंटन कंपास, हातोडी, टोपोशीट आणि पाण्याच्या बाटल्या एवढंच सामान. खडक दिसला की स्ट्राइक-डिप घ्यायचं, म्हणजे थर कोणत्या दिशेला धावतो आणि किती अंशांनी कलतो ते मोजून नकाशावर मांडायचं. पहिल्या दिवशी आकडे वेडेवाकडे वाटतात. एका ओढ्यात थर उत्तरेला कललेला, दोनशे पावलांवर तोच थर दक्षिणेला. चौथ्या-पाचव्या दिवशी नकाशावर त्या आकड्यांमधून घडी उमटू लागते, आणि मग लक्षात येतं की ही घडीच पुन्हा एकदा दुमडलेली आहे. त्या संध्याकाळी आम्ही तिघीजणी नकाशाभोवती गप्प बसून होतो, ते मला अजून आठवतं.

इथले खडक सौंसर गटाचे: संगमरवर, अभ्रकाने चमकणारे शिस्ट, क्वार्ट्‌झाइट आणि त्यांच्यामध्ये मँगनीजचे थर. शंभर कोटी वर्षांच्या आसपास ते खोल जमिनीत भाजले आणि मळले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ साली मांडलं की देवलापारजवळ खडकांची एक प्रचंड चादर आडवी लोटली जाऊन दुसऱ्या खडकांवर येऊन पडली आहे. ओल्या गाळात असं काही घडलं असतं तर त्यात अभ्रकाची पानं दाबाला काटकोनात रांगेने वाढली नसती. त्यासाठी कित्येकशे अंशांची उष्णता लागते. खडकाचा काप घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला की तो पारदर्शक होतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा काप फिरवताना क्वार्ट्‌झचा धड कण एकदम काळा होतो, आणि ताण सोसलेल्या कणात काळोख लाटेसारखा सरकत जातो, कारण त्याची स्फटिकजाळीच वाकलेली असते. चिखल दुमडला तर त्यातले कण एकमेकांवरून सरकतात, त्यांच्या जाळीला धक्का लागत नाही.

मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींत मँगनीजचा थर याच घड्यांबरोबर वळतो. थर खाली कुठे वळणार हे घडीच्या आकारावरून काढायचं आणि तिथे बोअर घ्यायचं, हे खाणीवरच्या भूवैज्ञानिकाचं रोजचं काम. घड्यांचं गणित थाप असतं तर त्या बोअरांत खनिज लागलं नसतं.

‘जमिनीच्या पोटात कुणी उतरलेलं नाही.’

बरोबर, आणि उतरणं शक्यही नाही. रशियात कोला द्वीपकल्पावर माणसाने सर्वांत खोल भोक पाडलं ते १२,२६२ मीटर. तिथे तापमान १८० अंश निघालं आणि काम थांबवावं लागलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. पण बाजारात कलिंगड थापटून घेणारी बाई ते कापून बघत नाही, तरी क्वचितच फसते. आवाज आतून फिरून येतो आणि आतली हकीकत सांगतो.

भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीची आतली हकीकत वाचण्याची सुरुवात आपल्याच देशातल्या भूकंपाने झाली, हे मला दर वर्षी वर्गात सांगताना छान वाटतं. १२ जून १८९७ला शिलाँगच्या पठाराला मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी दूरदेशीच्या यंत्रांवरच्या त्याच्या नोंदी तपासल्या आणि आधी पोचणाऱ्या व नंतर पोचणाऱ्या लाटा वेगळ्या काढून दाखवल्या. पुढे १९०६ साली त्यांनीच लाटांच्या उशिरावरून पृथ्वीला गाभा आहे हे दाखवलं. १९०९ साली मोहोरोविचिच यांनी क्रोएशियातल्या एका भूकंपावरून भूकवचाचा तळ शोधला, आणि १९३६ साली इंगे लेहमन यांनी गाभ्याच्या आतला गाभा. आडव्या हेलकाव्यांच्या लाटा द्रवातून जात नाहीत, आणि बाहेरच्या गाभ्यातून त्या जात नाहीत, म्हणून तो द्रव. यातलं काहीही जगातल्या कुठल्याही मोठ्या भूकंपाच्या नोंदींवर पुन्हा तपासता येतं.

जिथे उतरता येतं तिथे भोक पाडून पाहतातही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि शिवसागर जलाशयाच्या परिसरात तेव्हापासून छोटे-मोठे धक्के चालूच आहेत. ते नेमके कशामुळे होतात हे जवळून पाहण्यासाठी गोठणे गावात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं. ते काम कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीचं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइट-नाइस. बोअरमधून निघालेले खडकाचे नमुने हातात घेऊन पाहता येतात.

‘खंड सरकतात हे कुणी मोजलं?’

या प्रश्नाचं उत्तर सह्याद्रीच्याच दगडात आहे, आणि ते फार कमी मराठी माणसांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते.

लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त खनिजांचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत गोठतात. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी जास्त झुकते. उत्तर गोलार्धात तिचं उत्तर टोक खाली झुकतं, दक्षिणेत वर उचललं जातं. म्हणजे दगडात गोठलेल्या सुईचा कोन मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. १९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनच्या बेसॉल्टचे नमुने मोजले, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या खडकांवर काम झालं. निष्कर्ष असा की आपला सह्याद्री थंड झाला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास होता. आज तो उत्तरेला अठरा अंशांवर आहे. फरक सुमारे ४८ अंशांचा, म्हणजे पाच हजार किलोमीटरांच्या वर. लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. भागाकार केला तर वर्षाला सरासरी आठ सेंटीमीटर येतात.

इथे शहाणा वाचक विचारेल, खंड सरकले कशावरून, ध्रुवच सरकला नसेल कशावरून? तोच प्रश्न त्या वेळच्या शास्त्रज्ञांनीही विचारला होता. ध्रुव सरकला असता तर युरोपातल्या त्याच वयाच्या दगडांनी ध्रुवाची तीच जागा दाखवायला हवी होती. ते वेगळी दाखवतात. दोन खंडांचे दगड एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण एकाच मार्गाने मिटतं: खंडांनी एकमेकांच्या सापेक्ष जागा बदलल्या.

दुसरा ताळा समुद्रातून. १९६३ साली फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग रिजवरच्या, म्हणजे आपल्याच अरबी समुद्राच्या दक्षिणेकडल्या पाण्याखालच्या डोंगररांगेवरच्या चुंबकीय मोजणीचा अर्थ लावला. रिजच्या बाजूंना सरळ आणि उलट चुंबकत्वाचे पट्टे होते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं. सह्याद्रीच्या घाटातले जाडजूड थर उलट दिशेचे आणि महाबळेश्वरकडचे वरचे थर सरळ दिशेचे आहेत ते त्यामुळेच. समुद्रतळ रिजपाशी नवा तयार होऊन दोन्हीकडे सरकत असेल तर असे पट्टे पडायलाच हवेत. तिसरा ताळा: १९८७ साली हिंदी महासागरात केलेल्या खोदाईत बेसॉल्टची वयं काढली गेली. दख्खन ६ कोटी ६० लाख वर्षांचं, मालदीव साधारण ५ कोटी ७० लाख, चागोस ४ कोटी ९० लाख, आणि दक्षिणेच्या टोकाला रेयुनियन बेटावर आजही ज्वालामुखी जागा आहे. वय एका दिशेने कमी होत जातं, कारण खालची उष्ण जागा जवळपास तिथेच राहिली आणि वरचा भूपट्ट, म्हणजे भारताला वाहून नेणारा पृथ्वीच्या कठीण कवचाचा तुकडा, उत्तरेला निघून गेला.

आणि ज्यांना आजचं मोजमाप हवं त्यांच्यासाठी जीपीएस. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं केंद्र वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे जातं. त्यातला सुमारे दोन सेंटीमीटरांचा दाब हिमालयाच्या पट्ट्यात रिचतो. आता नेपाळात चला. तिथे बागमती आणि बकैया नद्यांच्या काठांवर जुन्या पात्रांचे सपाट मजले आहेत. मूळचे आडवे असलेले हे मजले शिवालिकच्या पायथ्याशी कमानीसारखे वर आले आहेत. ते किती उचलले गेले हे मोजून आणि त्यांचं वय काढून गेल्या काही हजार वर्षांचा वेग काढला, तर तोही वर्षाला दोन सेंटीमीटरांच्या जवळपास भरतो. उपग्रहाला नदीचे मजले ठाऊक नसतात आणि नदीला उपग्रह. दोघांचा आकडा जुळतो तेव्हा त्याला अंदाज म्हणणं अन्यायाचं आहे.

याच जोडीला सांगते. डोंगराचा उभा छेद काढणारा भूशास्त्रज्ञ मनात येईल तशा रेषा ओढू शकत नाही. छेदातल्या घड्या कागदावर पुन्हा उलगडून आणि भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या भेगेवर, सरकलेले तुकडे जागेवर आणून सगळ्या थरांची लांबी जुळवावी लागते. एक थर दहा किलोमीटर भरला आणि त्याच्या खालचा चौदा, तर छेद चुकला. जमाखर्च जुळेपर्यंत तो पुन्हा काढायचा. मी विद्यार्थ्यांचे असे छेद परत करते, आणि माझेही परत आलेले आहेत.

‘समुद्र एव्हरेस्टपर्यंत चढला होता.’

पुराणांतला जलप्रलय माझ्या आजीनेही मला सांगितला आहे आणि तिच्या गोष्टीबद्दल मला प्रेम आहे. पण एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड काय सांगतो ते त्या दगडालाच विचारावं. तो ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे पंचेचाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे. त्यात समुद्रतळाला देठाने चिकटून राहणाऱ्या क्रायनॉइडांचे आणि ट्रायलोबाइट नावाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जिवांचे तुकडे आहेत. हा खडक म्हणजे उथळ, उबदार समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आणि मेलेल्या जिवांच्या कवचांचा साठा. महिन्या-वर्षात ओसरणारं पाणी असा खडक रचून जात नाही. त्याच्या खाली पिवळसर पट्टा आहे, तोही मूळचा चुनखडकच, पण कित्येकशे अंशांना भाजून त्याचा संगमरवर झालेला. वरचा कच्चा आणि खालचा भाजलेला, आणि दोन्हींमध्ये जवळपास आडवा भ्रंश. पाणी वर चढलं असतं तर खालचा खडक भाजला का? तो खोल दाबला गेला होता, मग वर आला. एव्हरेस्टची २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर आहे. तळ वर आला, एवढंच याचं उत्तर आहे.

तळ वर येताना माणसांनी पाहिलंही आहे. २५ एप्रिल २०१५ला गोरखाचा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा काठमांडूच्या परिसरातली जमीन सुमारे एक मीटर उचलली गेली. उपग्रहांच्या रडार-चित्रांत आधीची आणि नंतरची जमीन ताडून हे मोजलं गेलं.

‘किल्लारीने यांचं पितळ उघडं पाडलं.’

हा मुद्दा मी हलक्याने घेणार नाही. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, हजारो माणसं मेली. त्या वेळच्या भूकंप-विभागांच्या नकाशावर किल्लारी पहिल्या, सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. ही चूक होती. आमच्या शास्त्राची चूक होती, आणि ती लपवू नये.

पण चूक नेमकी कशात होती? ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ ‘निश्चल’ असा घेतला गेला. द्वीपकल्पाच्या आतलं भूकवच वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरांच्या आतच आकार बदलतं. हिमालयाच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून मोठे धक्के विरळ. इतके विरळ की माणसांच्या आठवणीत आणि कागदपत्रांत ते सापडत नाहीत. आठवणीत नाही म्हणून धोका नाही, असं मानलं गेलं.

भूकंपानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण मजकूर तिथे गप्प आहे. नोंदींवरून निघालं की इथे एक खडक दुसऱ्याच्या अंगावर चढला, म्हणजे जमीन आवळली जात होती. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन फाटून वर उचलली गेली होती. तिथे खंदक खणून थर तपासले गेले. बोअर घेतलं तेव्हा बेसॉल्टची जाडी सुमारे ३४० मीटर निघाली आणि त्याखाली जुना पाया. आवळण्याची दिशा हिमालयाच्या धडकेशी जुळते: भारत उत्तरेला ढकलला जातो, तिथे अडतो, आणि त्या अडण्याचा ताण लातूरच्या शेताखालीही पोचतो. म्हणजे ज्या भूपट्टांच्या कल्पनेला मजकूर खोटं म्हणतो, तिच्यावाचून किल्लारीचा उलगडा होत नाही. २००२ साली भारतीय मानक ब्यूरोने नकाशा बदलला. पहिला विभाग काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला.

कोणत्या दिवशी, कोणत्या गावी भूकंप होईल हे सांगता येत नाही. आज नाही. पण कोणत्या घरात माणूस वाचेल हे सांगता येतं. किल्लारीत भूकंपाने जमीन हलवली. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड, बांधणीत न गुंतलेल्या भिंती आणि वरचं माळवदाचं मणामणाचं ओझं अंगावर येऊन. ‘निर्धास्त राहा’ या दोन शब्दांचा मला त्रास झाला तो यामुळे.

ज्या माजी विद्यार्थ्याने हा मजकूर गटात टाकला तो औसा तालुक्यातला, म्हणजे किल्लारीच्याच तालुक्यातला आहे. वडिलांच्या घरावर मजला चढवतो आहे. मी त्याला फोन केला. भूपट्ट, चुंबक, एव्हरेस्ट यातलं काही काढलं नाही. लिंटलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या पातळीवर चारही भिंतींवरून सळ्यांची काँक्रीटची सलग पट्टी घेतली आहेस का, आणि जुन्या भिंती मातीच्या जोडाईतल्या आहेत की सिमेंटच्या, एवढं विचारलं. पट्टी फक्त दारं-खिडक्यांवर आहे, असं तो म्हणाला. खालच्या भिंतींचं त्याला माहीत नव्हतं. मिस्त्रीला घेऊन एका जागी गिलावा खरवडून बघतो आणि फोटो पाठवतो, म्हणाला.